कंसातला माणूस

गेल्या वर्षी इस्रायलच्या दक्षिण भागातील एका शहरी आपल्या समाजातील एका मुलीच्या मेंदीस जाण्याचा योग आला. सभागृह पहिल्या मजल्यावर होते आणि वर जाण्यास जिन्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. नवऱ्या मुलीचे मामा गेली काही वर्षे चाकांच्या खुर्चीत आहेत. चार धट्ट्याकट्ट्या भाच्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलले आणि अठरा पायऱ्या चढवून वर नेले. त्याच वेळी वरच्या ध्वनिवर्धकावर एक जुने इंग्रजी गीत दणाणत होते. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मामा हसले, परंतु खुर्ची जमिनीस टेकताच माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस ना? माझी पालखी निघाली! अरे, मला वर यायचं होतं, मिरवायचं नव्हतं."

मग त्यांनी विचारले, "आणि हे गाणं कसलं रे?" एका तरुणाने सांगितले की कुठल्याशा अमेरिकन चित्रपटाचे शीर्षकगीत आहे. त्याहून अधिक कोणास ठाऊक नव्हते. त्या गीताची हकीकत प्रस्तुत लेखकास अर्धीमुर्धी माहीत होती. घरी परतल्यावर ती नीट जुळवून पाहिली, तेव्हा नेमक्या त्या जिन्यावर, नेमक्या त्या क्षणी तेच गीत वाजावे ह्या योगायोगाचे नवल वाटले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

गीताचे नाव 'सेंट एल्मोज फायर'. इंग्रजी ध्वनिमुद्रिकेवर ह्या नावापुढे कंस करून आणखी तीन शब्द छापलेले आहेत : 'मॅन इन मोशन'. म्हणजे गतीत असलेला, चालत राहिलेला माणूस. चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या कंसातील शब्दांचा अर्थ लागत नाही, कारण चित्रपटात असा माणूस कोठेच नाही.

हा चित्रपट जून १९८५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जोएल शूमाकर. वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाऊन भागातील सात मित्र-मैत्रिणी नुकत्याच विद्यापीठातून बाहेर पडल्या आहेत. नोकरी, प्रेम, दारू आणि कर्ज ह्यांत गटांगळ्या खात आहेत. आणि 'सेंट एल्मोज' नावाच्या एका मद्यगृहात पुन्हा पुन्हा एकत्र येत आहेत. एमिलिओ एस्टेवेझ, रॉब लो, डेमी मूर, अँड्र्यू मॅकार्थी आदी तेव्हाचे तरुण नट त्यात होते. समीक्षकांनी चित्रपटाचे फारसे कौतुक केले नाही आणि आमच्या मते त्यांचे फारसे चुकलेही नाही. एक प्रसंग मात्र लक्षात राहतो. खचून गेलेल्या मैत्रिणीची समजूत घालताना रॉब लोने रंगविलेला तरुण तिला सांगतो की, सेंट एल्मोची आग म्हणजे काळोख्या आकाशात चमकणारी विजेची झळाळी; खलाशी तिच्या आधाराने वाट काढीत असत, पण खरी आग तेथे नव्हतीच. वस्तुतः वादळी हवेत जहाजाच्या डोलकाठीच्या टोकाशी विद्युतभारामुळे निळसर प्रकाश दिसतो, तो पूर्णपणे खरा असतो. भूमध्य समुद्रावरील खलाशी ज्या संतास आपला रक्षक मानीत त्याचे नाव त्या प्रकाशास मिळाले. पण त्या तरुणाचे भौतिकशास्त्र आपण सोडून देऊ.

आपल्या हिंदी चित्रपटांत गीत कथेच्या पोटात असते. संगीतकार आणि गीतकार ह्यांना दिग्दर्शक प्रसंग समजावून सांगतो, आणि गीत त्या प्रसंगासाठी बेतले जाते. हॉलिवूडची रीत निराळी. तेथे पात्रे सहसा गात नाहीत. गीत श्रेयनामावलीवर वाजते आणि त्याचे मुख्य काम चित्रपटगृहाबाहेर असते. १९८१ साली अमेरिकेत केवळ गीतांची दृश्ये दाखविणारी एमटीव्ही ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तेव्हापासून चित्रपट-कंपन्यांना उमगले की एक गाजलेले गीत म्हणजे दिवसातून अनेकदा होणारी फुकट जाहिरात होय. १९८५ हे वर्ष तर अशा गीतांनी भरून गेले होते. 'बिलबोर्ड' ह्या व्यापारी साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत त्या वर्षी मॅडोनाचे 'क्रेझी फॉर यू', सिंपल माइंड्सचे 'डोंट यू', ड्युरान ड्युरानचे जेम्स बाँडपटातील गीत, ह्यूई लुईसचे 'द पॉवर ऑफ लव्ह' ही सारी चित्रपटगीते पहिल्या क्रमांकावर जाऊन आली. शूमाकरलाही तसेच एक गीत हवे होते.

चित्रपटाचे संगीत डेव्हिड फॉस्टर ह्याच्याकडे होते. हा कॅनडाचा, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात १९४९ साली जन्मलेला. लॉस एंजेलिसमध्ये त्याने पियानोवादक, संगीतकार आणि निर्माता म्हणून मोठे नाव मिळविले होते. गाण्यासाठी त्याने जॉन पार ह्या इंग्रज तरुणास बोलाविले. पार हा नॉटिंगहॅमशायरमधील वर्कसॉप गावचा. उंच पट्टीचा, खणखणीत आवाज. पण तोवर फार प्रसिद्धी नाही. पारने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, आधी त्याच्यापुढे ठेवलेले तयार गीत त्याला रुचले नाही आणि आपण दोघे मिळून नवे रचू असे त्याने सुचविले. चाल लवकर जमली. अडले ते शब्दांपाशी. त्या सात मित्रांच्या व्यथा त्याच्या काळजास भिडेनात, आणि 'सेंट एल्मोची आग' ह्या शब्दांतून काय काढावे हेही सुचेना.

तेव्हा फॉस्टरने त्याला एक चित्रफीत लावून दाखविली. तीत दूरचित्रवाणीवरील एक बातमी होती. चाकांच्या खुर्चीत बसलेला एक तरुण दोन्ही हातांनी चाके रेटीत मोटारींच्या रस्त्यावरून निघाला होता, आणि तो पृथ्वीभोवती फेरी घालून घरी परतणार होता.

त्याचे नाव रिक हॅन्सन. जन्म २६ ऑगस्ट १९५७, पोर्ट अल्बर्नी येथे. म्हणजे ज्या बेटावर फॉस्टर जन्मला त्याच बेटावर. लहानपण ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागातील विल्यम्स लेक येथे गेले. खेळाचे वेड, मासेमारीचे वेड. जून १९७३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मासेमारी आटोपून मित्रासमवेत एका मालवाहू मोटारीच्या मागच्या उघड्या भागात बसून तो घरी परतत होता. मोटार उलटली. मित्र वाचला, रिकच्या पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. त्या मित्राचे नाव डॉन आल्डर. पुढे बारा वर्षांनी रिक जगप्रवासास निघाला तेव्हा हाच मित्र त्याच्या पथकात होता, आणि आज तो गिटारवादक म्हणून विख्यात आहे. दोन मित्र एकाच वाहनात बसले, एक पायांनी उतरला आणि दुसरा उतरलाच नाही. असे असता त्या दोघांनी पुन्हा एकत्र प्रवासास निघावे, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

रिकने खेळ सोडला नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला अपंग विद्यार्थी. ('अपंग' हा शब्द त्या काळचा म्हणून येथे वापरला आहे, आज तो अनेकांना बोचतो आणि त्यांचे बोचणे रास्त आहे.) खुर्चीवरील मॅरेथॉन शर्यती त्याने देशोदेशी जिंकल्या आणि पॅरालिंपिकची सुवर्णपदकेही मिळविली. १९७७ साली कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या एका युवकास त्याने आपल्या खुर्चीवरील बास्केटबॉल संघात बोलावून घेतले. तो युवक म्हणजे टेरी फॉक्स. पुढे १९८० मध्ये टेरी कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडण्यास निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो गेला. रिकच्या मनात जगप्रदक्षिणेचा विचार होताच. टेरीच्या धावण्याने ती शक्य आहे असा विश्वास त्यास दिला.

२१ मार्च १९८५ रोजी व्हँकूव्हर शहरातील ओकरिज येथील बाजारपेठेतून तो निघाला. अंतर चाळीस हजार किलोमीटर ठरविले होते. पृथ्वीचा घेर साधारण तेवढाच. दौऱ्यास नाव दिले होते 'मॅन इन मोशन'. हेतू दोन : पाठीच्या कण्याच्या दुखापतीवरील संशोधनासाठी पैसा उभा करणे, आणि खुर्चीत बसलेला माणूस दयेचा विषय नाही, त्याला वाट मिळाली तर तो स्वतः जाईल, हे लोकांच्या डोळ्यांपुढे आणणे. प्रारंभी लोकांचे डोळे फारसे वळले नाहीत. अमेरिकेच्या मोठमोठ्या शहरांतून तो गेला. वर्तमानपत्रांना वेळ नव्हता, देणग्या थेंबाथेंबाने येत. खांदे आणि मनगटे मात्र ठणकू लागली होती.

ही चित्रफीत पारने पाहिली आणि अडलेले शब्द मोकळे झाले. त्याने ते कसे जुळविले ह्यात त्याचे चातुर्य आहे. चित्रपट-कंपनीला तारुण्य आणि स्वप्ने ह्यांवरचे गीत हवे होते. पारने प्रत्येक ओळ अशी रचली की ती त्या सात मित्रांनाही ढोबळमानाने लागू पडावी आणि रिकला तर तंतोतंत. गीतात चाकांचा उल्लेख येतो. चित्रपट पाहणारा समजतो की मोटारीची चाके. तरुण मुलाला आणखी काय हवे असते? ज्याला ठाऊक आहे त्याला खुर्ची दिसते. पुढे वाट, डोंगर, क्षितिज येते, तेही दुहेरी. हिंदी चित्रपटांच्या भाषेत सांगायचे तर गीतकारास प्रसंग एक दिला गेला आणि त्याने गीत दुसऱ्याच प्रसंगावर लिहिले. 'सेंट एल्मोची आग' हे शब्द तेवढे करारापुरते ठेवले. आणि नवल असे की तेही रिकवरच अधिक शोभले.

ध्वनिमुद्रणास फॉस्टरने लॉस एंजेलिसमधील पट्टीचे वादक जमविले. 'टोटो' ह्या वाद्यवृंदातील स्टीव्ह ल्यूकाथर, डेव्हिड पेच, स्टीव्ह पोर्कारो त्यांत होते. साथीच्या आवाजांत 'मिस्टर मिस्टर'चे रिचर्ड पेज आणि स्टीव्ह जॉर्ज. विद्युत-गिटार, कळफलकांची तुतारीसारखी ललकारी, ढोलांचे ठाम ठोके, आणि त्या साऱ्यावर चढत जाणारा पारचा आवाज. रॉक संगीताचा प्रस्तुत लेखकास विशेष सोस नाही, आणि ह्या ललकाऱ्या थोड्या अधिकच झाल्या असे आजही वाटते. तथापि ठेका असा आहे की बसल्या जागी खांदे हलू लागतात. खांद्यांनीच चालणाऱ्या माणसाचे गीत म्हटल्यावर ह्याहून अधिक काय सांगावे?

७ सप्टेंबर १९८५ च्या आठवड्यात हे गीत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले आणि दोन आठवडे तेथे राहिले. ब्रिटनमध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. एमटीव्हीवरील दृश्यात एका उद्ध्वस्त मद्यगृहात पार गात आहे आणि ते सात नट खिन्न मुद्रेने वावरत आहेत. अर्थात प्रेक्षकांनी गीताचा संबंध त्यांच्याशीच जोडला. त्या वेळी रिकला निघून साडेपाच महिने झाले होते. जगभरच्या रेडिओंवर त्याच्याविषयीचे गीत वाजत होते, आणि ऐकणाऱ्या बहुसंख्यांना तो कोण हे माहीत नव्हते. कंसातील तीन शब्द तेवढे साक्ष देत होते.

येथे आपल्या वाचकांसाठी थोडे आडवाटेस जावे लागेल; कारण ह्या गोष्टीचा एक धागा आपल्या घरावरून जातो. कणा मोडलेल्या माणसाने खेळावे ही कल्पनाच मुळी एका ज्यू वैद्याची. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयाचे प्रमुख. नोव्हेंबर १९३८ च्या त्या काळरात्री आश्रयास येणाऱ्या कोणालाही दाराबाहेर ठेवू नका असा हुकूम त्यांनी दिला होता. १९३९ मध्ये ते इंग्लंडला निसटले आणि १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग त्यांनी उघडला. तोवर असे रुग्ण बहुधा पाठीवर होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचे विकार ह्यांनी थोड्याच काळात दगावत. गुटमननी त्यांना उठविले, बसविले, हातांत धनुष्य आणि चेंडू दिले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तेथे भरविलेल्या छोट्याशा सामन्यांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

१९६८ चे पॅरालिंपिक मेक्सिकोने नाकारले तेव्हा इस्रायलने ते आपल्याकडे घेतले. नोव्हेंबर महिन्यात जेरुसलेममध्ये उद्घाटन झाले आणि सामने रमत गान येथे. खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये इस्रायलच्या पुरुषांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे पथक पॅरालिंपिकला प्रथम आले ते ह्याच वेळी, आणि त्यात एक मराठी माणूस होता : सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. भारतीय सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. रमत गानला ते टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. भारत सरकारने पद्मश्री दिली ती २०१८ साली, आणि हिंदी चित्रपटसृष्टीस त्यांची आठवण झाली ती २०२४ साली, 'चंदू चॅम्पियन'च्या रूपाने. रमत गानला ते आले तेव्हा आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे मुंबई-कोकणातून येऊन येथे स्थिरावली होती. त्या मैदानावर मराठीतून 'शाब्बास' म्हणणारा कोणी भेटला असेल का, हा विचार मनात येतो.

आता रिककडे वळू. युरोप, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, जपान. चार खंड, चौतीस देश. चीनमध्ये त्याने महाभिंतीच्या चढणीवर खुर्ची नेली. पथकात त्याच्या दुखऱ्या स्नायूंची काळजी घेणारी अमँडा रीड ही भौतिकोपचारतज्ज्ञ होती. प्रवास संपल्यावर दोघांनी विवाह केला. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर येथे, कॅनडाच्या अगदी पूर्वेच्या टोकावर, तो मायदेशी उतरला. आणि तेथून घर अजून नऊ महिन्यांच्या वाटेवर होते, मध्ये कॅनडाचा हिवाळा.

पण हा कॅनडा दीड वर्षापूर्वीचा नव्हता. आता गावोगावी लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहत, शाळा सुटत, नाणी आणि नोटा गोळा होत. आणि तो दिसू लागताच ते गीत लावले जाई. आता कॅनडात ते चित्रपटाचे राहिले नव्हते. गीताने रिकला ओळख दिली की रिकने गीताला अर्थ दिला, ह्याचा हिशेब कोणी मांडू नये. परंतु पैशाचा खरा ओघ ह्या शेवटच्या टप्प्यात लागला हे खरे. २२ मे १९८७ रोजी व्हँकूव्हरच्या बी. सी. प्लेस क्रीडागारात तो परतला तेव्हा छब्बीस महिने झाले होते, चाळीस हजारांवर किलोमीटर झाले होते, आणि दोन कोटी साठ लक्ष डॉलर जमले होते. १९८८ साली त्याच्या नावाची संस्था स्थापन झाली. सार्वजनिक इमारतींत खुर्चीने शिरता येते की नाही हे पाहणे, हे आज तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे. १२ फेब्रुवारी २०१० रोजी हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनास त्याच क्रीडागारात मशाल घेऊन खुर्चीतून आत आला तो रिकच.

पारला पुढे इतके मोठे यश पुन्हा लाभले नाही. २०१२ मध्ये त्याने हीच चाल घेऊन टिम टीबो नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूवर नवे शब्द रचले. ते गीत त्याचे, हक्क त्याचा. पण आम्हांस ते रुचले नाही. धडधाकट खेळाडूस जागा पुष्कळ असतात.

हे सारे जुळवून झाल्यावर मी नवऱ्या मुलीच्या मामांस दूरध्वनी केला आणि गीताची हकीकत सांगितली. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग विचारले, "दिवसाला किती पडलं रे?" मी आधीच भागाकार करून ठेवला होता. विश्रांतीचे दिवस धरूनही सरासरी पन्नास किलोमीटर, म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. "आमच्या घरापासून बाजार दीड किलोमीटर," मामा म्हणाले. "म्हणजे तेहतीस खेपा. पण बाजाराला पायऱ्या नाहीत हो! परवा मी एकटाच जाऊन आलो."